डुकरांच्या खाद्यातील सूक्ष्म खनिजे : कमी नकोत, जास्तही नकोत



रेडिओवर आकडे सांगितले की ऐकताना कळतात, पण खाद्य कालवायची वेळ आली की नेमके आठवत नाहीत. म्हणून कार्यक्रमात सांगितलेली माहिती या पत्रिकेत सविस्तर देत आहोत. पत्रिका शेडमध्ये टांगून ठेवा. घरात जो कोणी खाद्य मिसळतो त्यालाही वाचून दाखवा.

डुक्कर पाळणाऱ्याचा हिशोब तसा सरळ असतो. मादी एका वेताला किती पिल्ले देते, त्यांतली किती जगतात आणि जगलेली किती दिवसांत विक्रीच्या वजनाला येतात, यावर नफा-तोटा ठरतो. दहा पिल्ले झाली आणि तीन आठवड्यांत तीन गेली, तर मादीचा सगळा खर्च उरलेल्या सातांवर पडतो. अशा वेळी आपण थंडीला दोष देतो, हगवणीला देतो, नाहीतर नशिबाला. पुष्कळदा खरे कारण असते ते चिमूटभर खनिजाचे. पोटभर मका, कोंडा, पेंड घालूनही ही चिमूट चुकली तर घातलेले खाद्य अंगी लागत नाही.

सूक्ष्म खनिजे म्हणजे काय?

पिकाला नत्र, स्फुरद, पालाश भरपूर दिले तरी जस्त कमी पडले की पाने पिवळी पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. जनावराचेही तसेच आहे. चुना, स्फुरद आणि मीठ ही खनिजे त्याला ग्रॅमच्या मापाने लागतात. लोह, जस्त, तांबे, मँगेनीज, आयोडीन आणि सेलेनियम ही सहा खनिजे मात्र मिलिग्रॅमच्या मापाने लागतात. हीच सूक्ष्म खनिजे. कोबाल्टही लागते, पण डुकराला ते ब-१२ जीवनसत्त्वातून मिळावे लागते, आणि हे जीवनसत्त्व मासळीसारख्या प्राणिज खाद्यात असते.

मिलिग्रॅम म्हणजे किती? एका किलोत दहा लाख मिलिग्रॅम असतात. १०० किलो खाद्यात जस्त लागते साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे पूड. तेवढ्याच खाद्यात आयोडीन लागते फक्त १४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाएवढे. एवढ्यावर गाभातल्या पिल्लांचे जगणे-मरणे अवलंबून असते.

तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या आजोबांनी कुठे खनिजं घातली होती? तरी डुकरं वाढलीच ना!" वाढली, खरे आहे. पण ती मोकळी हिंडत होती. डुकराचे नाक हा त्याचा नांगर. त्या नाकाने ते माती उकरायचे, मुळ्या आणि किडे खायचे, आणि मातीबरोबर लोह व इतर खनिजे पोटात जायची. शिवाय गावठी मादीला पिल्ले कमी व्हायची आणि ती सावकाश वाढायची. आज आपण सिमेंटच्या फरशीवर लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँड्रेस किंवा त्यांच्या संकरित जाती पाळतो. वेताला दहा-बारा पिल्ले व्हावीत आणि ती झपाट्याने वाढावीत अशी अपेक्षा करतो. गरज वाढली आणि माती मात्र तुटली. गोव्याच्या अगोंदा गोवन या नोंदणी झालेल्या देशी जातीला कोणी बंद शेडमध्ये वाढवत असेल, तर तिच्या पिल्लांनाही हेच लागू आहे.

१. नुकतीच जन्मलेली पिल्ले आणि लोह

पहिले संकट येते ते जन्मानंतरच्या तीन आठवड्यांत. रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे असतो ते लोहापासून बनते. पिल्लू जन्माला येते तेव्हा त्याच्या अंगात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅमच लोह असते. वाढीसाठी त्याला रोज ७ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक लोह लागते. आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. शिल्लक थोडी, खर्च मोठा आणि मिळकत नाममात्र. आठवडा-दहा दिवसांत शिल्लक संपते आणि पिल्लू रक्तक्षयाने, म्हणजे पंडुरोगाने आजारी पडते.

"मग आईलाच जास्त लोह चारावं" असे कोणालाही वाटेल. पण त्याचा उपयोग होत नाही. मादीच्या खाद्यात लोह वाढवले तरी ते दुधात फारसे उतरत नाही आणि गर्भातही पुरेसे पोचत नाही. लोह पिल्लालाच द्यावे लागते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे मॅकगोवन आणि क्रायटन या संशोधकांनी १९२३-२४ च्या सुमारास पिल्लांचा हा आजार लोहाच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून दिले. त्याला शंभर वर्षे झाली, तरी आजही या कारणाने पिल्ले मरतात.

लक्षणे अशी ओळखावीत :

– कान आणि नाकाचा शेंडा पांढुरका दिसतो. कान उजेडात धरला तर शिरा फिक्या दिसतात.
– केस राठ होतात, कातडी सुरकुतते, पिल्लू मलूल बसते.
– थोडे पळाले तरी धाप लागते, कुशी उडतात.
– हगवण चटकन लागते आणि लवकर बरी होत नाही.
– कधी कधी वेतातले सर्वांत मोठे, गुटगुटीत पिल्लूच अचानक मरते. जे जास्त झपाट्याने वाढते त्याचे लोह आधी संपते.

हे शेवटचे लक्षण नीट ध्यानात ठेवा. "चांगलं पिल्लू होतं, दृष्ट लागली" असे म्हणून गप्प बसू नका.

उपाय : जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास प्रत्येक पिल्लाला लोहाचे, म्हणजे आयर्न डेक्स्ट्रानचे इंजेक्शन द्यावे. एकूण मात्रा २०० मिलिग्रॅम लोह. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती लोह आहे ते आधी वाचा, कारण बाटल्या निरनिराळ्या शक्तीच्या येतात. २०० मिलिग्रॅमची असेल तर १ मिलिलिटर आणि १०० ची असेल तर २ मिलिलिटर पुरते. ५० मिलिग्रॅमची असेल तर ४ मिलिलिटर एवढ्याशा पिल्लाला एकदम टोचू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी २ आणि दहाव्या ते चौदाव्या दिवशी पुन्हा २ मिलिलिटर अशी मात्रा वाटून द्यावी.

इंजेक्शन मानेच्या बाजूला, कानामागच्या मांसल भागात द्यावे. मांडीत देऊ नये. तिथे मांसावर काळा डाग राहतो आणि पाय लंगडा होण्याची भीती असते. सुई बारीक, आखूड आणि उकळून स्वच्छ केलेली असावी. टोचण्याआधी कातडी जराशी बाजूला ओढून धरली, तर सुई काढल्यावर औषध बाहेर येत नाही. पहिल्या वेळी पशुवैद्यकांकडून प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

काही जण शेडच्या कोपऱ्यात तांबडी माती टाकतात, काही जण मादीच्या सडांना हिराकशीचे पाणी लावतात. हे जुने उपाय अगदीच फुकट नाहीत. पण कोणत्या पिल्लाच्या पोटात किती लोह गेले याचा भरवसा नाही, आणि हिराकस वरचेवर लावावी लागते. मातीतून जंताची अंडी येतात. माती टाकायचीच असेल तर जिथे कधी डुकरे फिरली नाहीत अशा जागेची आणावी, आणि तेवढ्यावर विसंबून इंजेक्शन टाळू नये.

सात ते दहा दिवसांची झाली की पिल्लांना त्यांचा वेगळा खुराक थोडा थोडा सुरू करावा. त्यात दर किलोला १०० मिलिग्रॅम लोह असावे. मग आईपासून तोडेपर्यंत ती स्वतः लोह खाऊ लागतात.

२. वाढती डुकरे आणि जस्त

दुसरे संकट येते दोन ते चार महिन्यांच्या वयात. पिल्ले तोडली, खाऊ लागली, आणि एक दिवस पोटावर व पायांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पुढे तिथे खवले धरतात, कातडी जाड होऊन भेगाळते, कोरडी पोपडी सुटते. भूक कमी होते, वाढ खुंटते. पाहणारा म्हणतो, "खरूज झाली." मग औषधावर औषध लावले जाते आणि गुण काही येत नाही.

खरूज आणि जस्ताची कमतरता यांतला फरक सोपा आहे. खरूज झालेले डुक्कर सारखे खाजवते, भिंतीला अंग घासते. जस्त कमी पडलेल्या डुकराला खाज फारशी नसते, आणि खवले अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखेच उठतात. शंका असेल तर पशुवैद्यकांकडून कातडीची खरवड तपासून घ्यावी.

हा रोग जस्ताचा आहे हे १९५५ साली अमेरिकेतील अलाबामा येथे टकर आणि सॅमन या संशोधकांनी दाखवले. त्यातली एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. खाद्यात जस्त असूनही ते अंगी न लागण्याची दोन कारणे असतात. धान्य, कोंडा आणि पेंडीत फायटिक आम्ल नावाचे द्रव्य असते, ते जस्ताला धरून ठेवते. त्यात चुन्याचे प्रमाण जास्त झाले की ही पकड आणखी घट्ट होते. म्हणजे "हाडं मजबूत होतील" म्हणून ओंजळीने चुनखडी टाकणारा माणूस नकळत जस्तच काढून घेत असतो.

वाढत्या डुकराच्या खाद्यात कॅल्शियम शेकडा ०.६ ते ०.७ पुरते. चांगल्या चुनखडीत कॅल्शियम शेकडा ३८ च्या आसपास असते. १०० किलो खाद्यात २ किलो चुनखडी टाकली की त्यातूनच कॅल्शियम शेकडा ०.७६ झाले. वर मासळीची भुकटी किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट असेल तर ते एक टक्क्याच्या पुढे सहज जाते. तेव्हा चुनखडी मापून टाका, डोळ्यांनी अंदाज करू नका.

उपाय म्हणजे खाद्यात जस्ताचे प्रमाण दर किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंत आणावे आणि चुना बेताचा ठेवावा. रोग फार पुढे गेला नसेल तर काही आठवड्यांत कातडी निवळते आणि भूक त्याआधीच सुधारते. आजकाल काही तयार मिश्रणांत फायटेज नावाचे विकर घातलेले असते. ते फायटिक आम्ल फोडते, त्यामुळे स्फुरद व जस्त दोन्ही अधिक अंगी लागतात.

३. गाभण आणि पाजणारी मादी

मादी गाभण राहते ती ११४ दिवस, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. या काळात ती आपल्या अंगातली खनिजे पिल्लांना देते, आणि व्याल्यावर दुधातून देतच राहते. खाद्यातून भरपाई झाली नाही तर ती स्वतःच्या हाडामांसातून देते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधनात १९९५ साली असे दिसले की, भरपूर पिल्ले देणाऱ्या माद्यांच्या अंगातील खनिजांचा साठा तीन वेतांनंतर त्याच वयाच्या न व्यालेल्या माद्यांपेक्षा कमी झालेला होता. म्हणून पहिले वेत चांगले आणि तिसऱ्या-चौथ्या वेतापासून घसरण, असे तुमच्याकडे होत असेल तर मादी विकायच्या आधी तिचे खाद्य तपासा.

*आयोडीन :* हे कमी पडले तर मादी वरून धडधाकट दिसते. कळते ते विल्यावरच. पिल्ले मेलेली किंवा अशक्त होतात, अंगावर केस नसतात, मान सुजलेली असते. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात असे बिनकेसाचे मेलेले वेत मोठ्या संख्येने होत असत. हार्ट आणि स्टीनबॉक यांनी १९१८ साली आयोडीन हा त्यावरचा उपाय सांगितला. आपल्याकडे उपाय स्वयंपाकघरातच आहे. साधे खडे मीठ न वापरता आयोडीनयुक्त मीठ वापरा. मोहरीची पेंड, कोबी-फ्लॉवरचा पाला आणि कच्चा साबुकंद यांमुळे आयोडीन अंगी लागण्यात अडथळा येतो. भाजी मंडईतला पाला रोज घालत असाल तर गाभण मादीला तो थोडाच द्यावा, आणि आयोडीन खनिज मिश्रणातूनही द्यावे.

*मँगेनीज :* वाढत्या डुकराला ते दर किलोला २ ते ४ मिलिग्रॅम पुरते, पण मादीला २५ लागते. कमी पडले तर माज अनियमित होतो, गर्भ अंगातच जिरतो, पिल्ले पायाने दुबळी होतात. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या मादीला ही कमतरता भासते, कारण मक्यात मँगेनीज फार कमी असते.

*सेलेनियम :* हे ई जीवनसत्त्वाच्या जोडीने काम करते. कमी पडले तर वाढती डुकरे काही लक्षण न दाखवता हृदय किंवा यकृत बिघडून अचानक मरतात. मादीला सेलेनियम व ई जीवनसत्त्व कमी मिळाले असेल, तर तिची पिल्ले लोहाचे इंजेक्शन दिल्यावर काही तासांत दगावू शकतात. अशा वेळी लोक इंजेक्शनला दोष देतात आणि पुढच्या वेताला ते बंद करतात. मग ती पिल्ले पंडुरोगाने जातात. दोष इंजेक्शनचा नसतो, गाभणपणीच्या खाद्याचा असतो.

नरालाही विसरू नका. जस्त आणि सेलेनियम कमी पडले तर त्याचे वीर्य हलक्या प्रतीचे होते. माद्या वारंवार उलटत असतील तर नुसत्या मादीकडे बोट दाखवू नये.

४. जास्त झाले तर विष

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. चिमूटभराने गुण आला म्हणून मूठभर घालू नका.

तांबे डुकराला दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम पुरते, मादीला १० ते २०. परदेशात बरीच वर्षे वाढ झपाट्याने व्हावी म्हणून १२५ ते २५० मिलिग्रॅम तांबे देत असत. वाढ होते हे खरे. पण ते बरेचसे शेणातून बाहेर पडते आणि जमिनीत साठते. यासाठी युरोपात २०१८ साली मर्यादा कडक केल्या आणि मोठ्या डुकरांसाठी २५ मिलिग्रॅमची हद्द घातली. २५० च्या वर दीर्घकाळ गेले तर डुकरालाच विषबाधा होते. घरात बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद असते, त्यातले "थोडेसे" खाद्यात टाकण्याचा मोह टाळा. आणखी एक गोष्ट : मेंढीला तांबे फार लवकर बाधते. डुकराचे खाद्य मेंढ्यांना घालू नये. शेतात धनगराचा कळप बसवणार असाल तर डुकराच्या खाद्याची पोती आणि सांडलवंड आधी आवरून ठेवा.

जस्ताचेही तसेच. पिल्ले तोडल्यावर हगवण लागू नये म्हणून जस्ताचे ऑक्साइड दर किलोला २५०० ते ३००० मिलिग्रॅम देण्याची पद्धत परदेशात होती. जमिनीत जस्त साठते आणि औषधांना दाद न देणारे जंतू वाढतात, म्हणून युरोपीय संघाने जून २०२२ पासून हा वापर बंद केला. आपण त्या वाटेला जाऊ नये. हगवण टाळायला कोरडी जागा, ऊब, स्वच्छ पाणी आणि हळूहळू खाद्यबदल हेच खरे उपाय आहेत.

सेलेनियम तर दुधारी शस्त्र. गरज आहे दर किलोला ०.१५ ते ०.३० मिलिग्रॅमची. ५ मिलिग्रॅमच्या वर गेले की केस गळतात, खूर वरच्या कडेला फाटून सुटतात, जनावर लुळे पडते. पंजाबात होशियारपूरच्या बाजूला काही गावांच्या जमिनीतच सेलेनियम जास्त आहे आणि तिथल्या गुरांचे खूर-शिंगे त्यामुळे खराब होतात. सेलेनियम घरी कधीही सुटे तोलू नये. ते तयार मिश्रणातूनच द्यावे.

५. कोणाला किती द्यावे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली सांगितलेल्या गरजा पुढे दिल्या आहेत. सर्व आकडे एक किलो खाद्यात किती मिलिग्रॅम याचे आहेत.

– तोडलेली पिल्ले (७ ते ११ किलो) : लोह १००, जस्त १००, तांबे ६, मँगेनीज ४, आयोडीन ०.१४, सेलेनियम ०.३०.
– वाढती डुकरे (२५ ते ५० किलो) : लोह ६०, जस्त ६०, तांबे ४, मँगेनीज २, आयोडीन ०.१४, सेलेनियम ०.२०.
– विक्रीजोगी (७५ किलोच्या वर) : लोह ४०, जस्त ५०, तांबे ३, मँगेनीज २, आयोडीन ०.१४, सेलेनियम ०.१५.
– गाभण व पाजणारी मादी : लोह ८०, जस्त १००, तांबे गाभण असताना १० आणि पाजताना २०, मँगेनीज २५, आयोडीन ०.१४, सेलेनियम ०.१५.
– पैदाशीचा नर : लोह ८०, जस्त ५०, तांबे ५, मँगेनीज २०, आयोडीन ०.१४, सेलेनियम ०.३०.

या गरजा धान्यातून आणि मिश्रणातून मिळून भागवायच्या आहेत. मात्र धान्यातले बरेचसे जस्त अंगी लागत नाही, म्हणून जस्त मिश्रणातूनच पूर्ण मिळेल असे पाहावे.

६. मिश्रण कसे घ्यावे, कसे मिसळावे?

मिश्रण डुकरांसाठी म्हणून बनवलेलेच घ्या. गाई-म्हशींच्या मिश्रणात चुना भरपूर असतो. तेच डुकराला घातले तर वर सांगितलेली जस्ताची अडचण होते.

पिशवीवरचा मजकूर वाचायची सवय लावा. हिशोब सोपा आहे. एक किलो मिश्रणात जितके ग्रॅम खनिज आहे, त्याला १०० किलो खाद्यात जितके ग्रॅम मिश्रण टाकता त्याने गुणा आणि १०० ने भागा. आलेला आकडा म्हणजे एका किलो खाद्यातले मिलिग्रॅम. उदाहरण घ्या : पिशवीवर लिहिले आहे, जस्त ४० ग्रॅम प्रतिकिलो. तुम्ही १०० किलो खाद्यात २५० ग्रॅम मिश्रण घातले. ४० गुणिले २५०, भागिले १००, म्हणजे १००. बरोबर पाहिजे तेवढे.

लोह कोणत्या रूपात आहे तेही पाहा. लोहाचे सल्फेट अंगी लागते. लोहाचे ऑक्साइड, म्हणजे गंजासारखी लाल पूड, जवळजवळ अंगी लागत नाही. मिश्रण लालभडक दिसते म्हणून त्यात लोह भरपूर, असे समजू नका.

शेतात टाकायचे झिंक सल्फेट खाद्यात घालू नये. खतासाठीच्या मालात शिसे, कॅडमियम अशी घातक द्रव्ये असू शकतात. खाद्यासाठीचा माल वेगळा मिळतो.

मिसळताना एकदम मोठ्या ढिगावर पूड फेकू नये. २५० ग्रॅम मिश्रण आधी १ किलो कोंड्यात हातांनी चांगले कालवा. ते ४ किलोत मिसळा, मग २० किलोत आणि शेवटी उरलेल्या खाद्यात फावड्याने तीन-चार वेळा खालीवर करा. असे केले नाही तर एका डुकराला सगळे आणि दुसऱ्याला काहीच नाही असे होते. मिश्रणाची पिशवी कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा. ओल लागली की गाठी होतात, शिवाय सोबतची जीवनसत्त्वे मरतात.

७. पुष्कळ जण विचारतात

*"आम्ही हॉटेलातलं उरलेलं अन्न घालतो. खनिजं लागतात का?"*
लागतात. भात, चपाती, भाजी यांत जस्त व लोह पुरेसे नसते आणि रोजचे अन्न सारखे नसते. अशा अन्नात मीठ मात्र आधीच असते, म्हणून वरून मीठ घालू नये आणि पिण्याचे पाणी चोवीस तास ठेवावे. पाणी तुटले तर मीठ बाधून डुकरे आंधळ्यासारखी भिंतीवर आपटतात आणि मरतात. उरलेले अन्न सतत ढवळत तासभर उकळल्याशिवाय घालू नये, आणि त्यात डुकराचे मांस मुळीच नसावे. २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर अशा अन्नातूनही पसरतो आणि त्यावर औषध नाही.

*"किनारपट्टीवर मासळी स्वस्त मिळते. ती पुरेल का?"*
मासळीत आयोडीन, सेलेनियम आणि ब-१२ जीवनसत्त्व चांगले असते, ही जमेची बाजू. पण तान्ह्या पिल्लाची लोहाची गरज त्याने भागत नाही, आणि खारवलेली मासळी असेल तर मिठाचा हिशोब धरावा लागतो.

*"महागडी चिलेटेड खनिजं घ्यावीत का?"*
ती काही वेळा अधिक अंगी लागतात. पण आधी साधे मिश्रण योग्य मापात, रोज, न चुकता द्या. चुन्याचे प्रमाण बिघडलेले असताना महाग मिश्रण आणणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

*"इंजेक्शनाचा खर्च छोट्या माणसाला परवडतो का?"*
एक पिल्लू मेले तर किती रुपये जातात ते मांडा आणि साऱ्या वेताच्या औषधाची किंमत त्याशेजारी लिहा. उत्तर तुम्हालाच मिळेल.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाला लोह. तारीख भिंतीवर लिहा.
२. खाज नसलेले खवले दिसले की जस्त आणि चुना दोन्ही तपासा.
३. गाभण मादीला आयोडीनयुक्त मीठ आणि पैदाशीच्या जनावरांचे मिश्रण पहिल्या दिवसापासून द्या.
४. मोरचूद, सेलेनियम आणि खताचे झिंक यांना खाद्यात हात लावू नका.
५. मिश्रण तोलून घाला आणि टप्प्याटप्प्याने मिसळा.
६. प्रत्येक वेताची नोंद ठेवा : जन्मली किती, मेली किती, तोडली किती, केव्हा विकली.

ही शेवटची नोंद आळसाने राहून जाते. पण पशुवैद्यकांकडे जाताना ती वही हातात असली, तर रोग कुठल्या चिमटीत दडला आहे ते लवकर सापडते. मंडळी, वही आजच घाला, आणि पुढच्या वेताची पहिली ओळ तिच्यात लिहा.